अधिक चार

मशीनवर ९० आलं. मी वहीत ९४ लिहिलं.

वहीत दोन रकाने होते. पहिल्यात मशीनचा आकडा, दुसऱ्यात माझा. दोन्ही लिहून झाल्यावर मी नरसय्याला म्हणालो, "चौऱ्याण्णव. काठावर आहे, पण आहे." तो दारातल्या खुर्चीत बसला होता. त्याने नुसती मान हलवली. मी ऑक्सिमीटर स्पिरिटच्या बोळ्याने पुसला आणि पुढच्या घरी गेलो. सकाळचे सात वाजून वीस मिनिटं झाली होती. कोरोनाची दुसरी लाट होती, सोलापुरातलं ऊन त्या वेळीही पाठीला लागत होतं, आणि गल्लीच्या तोंडाशी आम्हीच बांबू आडवे बांधून ठेवले होते.

नव्वदचे चौऱ्याण्णव का केले, हे सांगायचं तर आधी माझं काम सांगायला हवं.

मी टॉवेलच्या कारखान्यात डाईंगची लॅब बघतो. डाईंग म्हणजे जिथे सूत रंगवतात तो विभाग. गिऱ्हाईक कापडाचा एक तुकडा पाठवतं. अगदी तोच रंग आम्हाला काढून द्यायचा असतो. त्या रंगाला आम्ही शेड म्हणतो. कुठला रंग किती ग्रॅम, पाणी किती, किती वेळ, हे सगळं लॅबमध्ये ठरतं. एक-दोन ग्रॅमचा फरक पडला तरी माल परत येतो. त्यामुळे आमचा सगळा भरवसा काट्यावर.

पाच-सहा वर्षांपूर्वी लॅबचा काटा दोन ग्रॅम जास्त दाखवायला लागला. मेकॅनिक लगेच मिळेना. मी काट्याच्या वर भिंतीला चिठ्ठी लावली : 'वजा दोन'. काट्यावर बावन्न दिसले की पन्नास समजायचे. याला करेक्शन म्हणतात. मशीन चुकतं, पण नेहमी सारखंच चुकतं, म्हणून आपण तेवढं वजा किंवा अधिक करून काम चालवतो. यात गैर काही नाही. रोजची गोष्ट आहे.

पुढे सुट्टीच्या दिवशी मेकॅनिक येऊन काटा दुरुस्त करून गेला. चिठ्ठी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी लॅबवाल्याने चिठ्ठी पाहून बावन्न तोलले, आणि आता ते खरोखरचे बावन्न होते. हे पकडलं नरसय्याने. तो डाईंग मशीनवर एकोणीस वर्षं काम करत होता. सुताची पहिली लड पिळून त्याने उजेडात धरली आणि मला बोलावून म्हणाला, "साहेब, हा रंग आपला नाही." मी रेसिपी दाखवली, वजनाची नोंद दाखवली. त्याने कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "कागद बरोबर असेल. रंग आपला नाही."

माल वाचला. मी त्याच दिवशी लेखी सूचना काढली : करेक्शनच्या प्रत्येक चिठ्ठीवर तारीख हवी, आणि रोज सकाळी ते तपासून मगच काम सुरू करायचं. खाली सही माझी.

आता गल्लीचं. आमच्या गल्लीत चौतीस घरं. बहुतेक विणकामातली, घरात तेलुगू बोलणारी. मी केम गावचा, नोकरीमुळे इथे आलो आणि इथलाच झालो. दुसऱ्या लाटेत कारखाना बंद झाला, तेव्हा गल्लीतल्या लोकांनी कामं वाटून घेतली. ज्या घरात आजारी माणूस असेल त्यांच्या दारात कडक भाकरी आणि शेंगाचटणी पोचवायची. एक रिक्षा दवाखान्यासाठी राखीव. दोघी बायका फोनवर, कुठे बेड आहे ते विचारायला. आणि गल्लीत मिळून घेतलेला एक ऑक्सिमीटर.

तो माझ्याकडे आला सुनंदाताईंमुळे. त्या आमच्या भागातल्या आशाताई, म्हणजे घरोघर फिरून आजारपणाच्या नोंदी ठेवणाऱ्या. माहेर दुधनीचं. त्यांच्याकडे अशा पाच गल्ल्या होत्या. एकदा बांबूच्या पलीकडे उभ्या राहून त्या मला म्हणाल्या, "साहेब, तुमी आकड्यातलं माणूस. तुमची गल्ली तुमी बघा की. मला एकटीला आता जमंना."

मी हो म्हटलं. मला ते काम आवडलंही. सकाळी सात, संध्याकाळी पाच. घराचा क्रमांक, नाव, ताप, ऑक्सिजन. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई फोनवर होत्या. त्यांनी एकच नियम सांगितला : चौऱ्याण्णवच्या खाली गेलं की फोन करा, वेळ बघू नका.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. गल्लीत सगळ्यांचे आकडे शहाण्णव ते नव्याण्णव. आमच्या डाईंगच्या सहा माणसांचे मात्र एक्क्याण्णव ते चौऱ्याण्णव. सहाही जण धडधाकट. एक तर पाण्याचा ड्रम उचलत होता. मी डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी विचारलं, "हातांना काही लागलंय का?" तेव्हा माझ्या लक्षात आलं. कारखाना बंद व्हायच्या आदल्या दिवशी नेव्ही ब्लू रंगाचा शेवटचा माल निघाला होता. सहाही जणांची बोटं नखांसकट निळी होती. ऑक्सिमीटर बोटातून उजेड आरपार सोडून मोजतो. मध्ये रंग आला की आकडा कमी दिसतो. डॉक्टरबाई म्हणाल्या, पायाच्या अंगठ्याला लावा. डाईंगमध्ये गमबूट घालतात, पाय स्वच्छ असतात. अंगठ्यावर सगळे शहाण्णव ते अठ्ठ्याण्णव आले.

प्रश्न तिथेच मिटायला हवा होता. पण मशीन एकच, आणि ते बघायला गल्ली होती.

नरसय्याच्या पुढचं घर गंगव्वाचं. वय सत्तरच्या पुढे, गल्लीत शब्दाला मान. मी तिच्या दारात मशीन पुसायला लागलो तर तिने हात पदराआड घेतला.

"आदी पायाला लावायचं, मग माझ्या हाताला?"

मी म्हटलं, "गंगव्वा, स्पिरिटने पुसतोय की."

"ह्या बोटानं मी देवाला कुंकू लावते, साहेब. पुसून काय हुतंय?"

दुसऱ्या दिवशी चार घरांनी दार उघडलं नाही. चार घरं म्हणजे सतरा माणसं, त्यात दोघांना ताप. सहा माणसांच्या पायांसाठी सतरा माणसं मोजायची राहून जाणार होती. दुसरं मशीन गावात शोधलं, कुठेच शिल्लक नव्हतं.

मग मी घरी बसून गणित केलं. सहाजणांच्या बोटाचा आकडा आणि अंगठ्याचा आकडा, यातला फरक चार, पाच, चार, चार, चार, पाच. सरासरी चार पूर्णांक काही. अपूर्णांक सोडला. वहीत दुसरा रकाना आखला आणि वर लिहिलं : डाईंगवाले, अधिक चार. आता पायाला लावायची गरज उरली नाही. चारही दारं उघडली. गंगव्वाने मला ताक दिलं.

हे मी डॉक्टरबाईंना विचारलं नाही. इतकं साधं गणित, त्यात विचारायचं काय, असं वाटलं. रकान्यावर तारीखही टाकली नाही.

त्या आठवड्यात सहापैकी चौघे आपापल्या गावी निघून गेले. गल्लीत दोघेच उरले, नरसय्या आणि मल्लेशम. माझी फेरी चालू राहिली. एका घरातले आजोबा गेले, दुसऱ्या घरातली सून दवाखान्यातून परत आली. लोक दाराशी उभे राहून माझी वाट बघायचे. आकडा सांगितला की खांदे खाली यायचे. त्या दिवसांत माझ्या तोंडच्या आकड्यावर गल्ली झोपत होती आणि उठत होती.

फेरीच्या आठव्या दिवशी नरसय्याची बायको अंबूबाई दारात होती. तिने त्याचा हात धरून मला दाखवला. "बघा साहेब, लग्नात हळद लावली तेव्हापण ह्यांचे हात निळेच होते. आता कुठे नवरदेवासारखे झालेत."

नरसय्या म्हणाला, "आता नवी नवरी बघा, साहेब."

"बघा की. ती तरी तुमचे कपडे धुवील," अंबूबाई म्हणाली.

मी हसलो. त्याचं बोट मशीनमध्ये घातलं. ९५ आलं. वहीत ९९ लिहिलं.

त्याच दिवशी मल्लेशमचा आकडा ९७ आला होता. त्यात चार मिळवले तर एकशे एक होतात. रक्तात ऑक्सिजन शंभराच्या वर नसतो, हे मला माहीत होतं. मी शंभर लिहिलं. मशीनची बॅटरी गेली असेल, असं वाटलं, आणि संध्याकाळी बॅटरी बदलली.

नवव्या दिवशी नरसय्याला ताप आला. तपासणी झाली. दहाव्या दिवशी रिपोर्ट पॉझिटिव्ह. डॉक्टरबाईंनी गोळ्या सुरू केल्या आणि घरीच वेगळ्या खोलीत राहायला सांगितलं. दिवसातून दोनदा मी त्यांना फोनवर आकडा सांगायचो. दुसऱ्या रकान्यातला. दहाव्या दिवशी सकाळ-संध्याकाळ मशीनवर ९३, मी सांगितलं ९७. अकराव्या दिवशी ९२ आणि ९१, मी सांगितलं ९६ आणि ९५. बाराव्या दिवशी सकाळी ९०. वर सांगितलं ते हेच.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला सुनंदाताई गोळ्यांचं पाकीट घेऊन आल्या. मी वही दाखवायला बरोबर गेलो. नरसय्या त्याच खुर्चीत होता, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. आम्हाला बघून तो म्हणाला, "ताई..." मग थांबला. "चहा..." पुन्हा थांबला. "घ्या."

सुनंदाताईंनी पाकीट खाली ठेवलं. घड्याळात बघत त्याचा श्वास मोजला. मिनिटाला बत्तीस. "कितवर हाय?" त्यांनी मला विचारलं.

"चौऱ्याण्णव."

"मशीन लावा बरं परत."

मी लावलं. ८९.

"हे तर एकोणनव्वद हाय की."

मी सांगितलं, की डाईंगच्या माणसांच्या बोटाला रंग असतो, त्यामुळे आकडा कमी दिसतो, म्हणून आपण अधिक चार धरतो.

त्यांनी हातमोजा घातलेल्या हाताने नरसय्याचा पंजा उचलला. उलटा केला. सुलटा केला. माझ्यासमोर धरला.

"साहेब, रंग कुटं हाय?"

पंजा पांढरा होता. नखंही पांढरी. त्याच्या ओठांवरची निळसर छटा मात्र आता मला दिसली. डाईंग बंद होऊन चौदा दिवस झाले होते. घरात बसलेल्या माणसाने चौदा दिवस आंघोळ केली, भांडी घासली, कपडे धुतले. रंग कधीच निघून गेला होता. अधिक चार तसंच राहिलं होतं.

सुनंदाताईंनी त्याला पालथं झोपवलं. मी डॉक्टरबाईंना फोन केला आणि पहिल्यांदा पहिल्या रकान्यातले आकडे वाचून दाखवले, दहाव्या दिवसापासून. पाच नोंदी. पाचही चौऱ्याण्णवच्या खाली.

"तुम्ही मला नव्वदच सांगायचं होतं," त्या म्हणाल्या. "रंगाचं काय करायचं ते मी बघितलं असतं."

आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

मग गल्लीने जे करायचं ते केलं. दोघींच्या जागी चौदा जण फोनवर बसले. दवाखान्यांची यादी फाडून वाटून घेतली. कुणी आतून ओळख काढत होतं, कुणी नुसतं पुन्हा पुन्हा तोच नंबर लावत होतं. मल्लेशमने कुठूनतरी अर्धा भरलेला सिलेंडर आणला. त्याला पाना मिळेना, तर गंगव्वाच्या घरातल्या लूमचा पाना आला. पावणेतीनला एका दवाखान्यात बेड मिळाला. तीन तास चाळीस मिनिटं लागली. दोन दिवस आधी किती लागली असती, ते मला माहीत नाही. त्या दोन दिवसांत शहरातले बेड भरतच गेले होते, एवढं माहीत आहे.

दवाखान्याच्या दारात एका तरुण डॉक्टरने विचारलं, ऑक्सिजन कधीपासून कमी आहे. मी वही पुढे केली. त्याने बोट ठेवून वाचलं.

"परवा सकाळपासून. छप्पन्न तास झाले की. मग आणलं का नाही?" मग त्याचं बोट सरकलं. "हा दुसरा कॉलम कसला?"

"करेक्शन."

"कुणी सांगितलं?"

"मी."

त्याने माझ्याकडे बघितलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि वही परत दिली. त्याच्या मागे रांगेत आणखी सात जण होते.

संध्याकाळी पाचला मी फेरीला निघालो. निघताना स्वतःचीच लाज वाटत होती, पण गल्लीतल्या बाकीच्या घरांत माणसं वाट बघत होती आणि मशीन माझ्याकडे होतं. मी गंगव्वाच्या दारात आधी गेलो. तिला काय झालं ते सगळं सांगितलं. रंग, रकाना, पाय, सगळं. ती उंबऱ्यावर बसून ऐकत होती. शेवटी मी म्हटलं, उद्यापासून ज्याच्या बोटाला काही असेल त्याला पायाला लावणार. ज्यांना चालणार नाही त्यांनी सांगावं.

गंगव्वाने पाय पुढे केला. लुगडं घोट्यापर्यंत सावरलं आणि म्हणाली, "माज्यापासनं लावा."

तिच्या बोटाला काही नव्हतं. मी लावलं. ९६. गल्लीत पुन्हा कुणी हा विषय काढला नाही.

नरसय्या चोवीस दिवस दवाखान्यात होता. अंबूबाईला आत जायला परवानगी नव्हती. ती घरात एकटी. माझी बायको आणि आणखी पाच जणी पाळीने तिच्या दारात डबा ठेवायच्या, आणि दाराबाहेर बसून तिच्याशी बोलायच्या. डबा कधी अर्धा परत यायचा, कधी तसाच. मी तिला दुसऱ्या रकान्याबद्दल तिसऱ्या दिवशी सांगितलं. ती म्हणाली, "मी तुम्हाला हात दाखवले होते, साहेब."

"हो."

"तुम्ही हसलात."

"हो," मी म्हटलं.

नरसय्या परत आला तेव्हा चौदा किलो कमी झाला होता. फुप्फुसं आतून कडक झाली होती. डॉक्टरांनी सांगितलं, जेवढं भरून यायचं तेवढं सहा महिन्यांत येईल, बाकीचं असंच राहील. बाकीचं असंच राहिलं. डाईंगमध्ये वाफ असते, ओलं सूत उचलावं लागतं. तो पुन्हा कामावर आला नाही. आता अंबूबाई एका कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवायला जाते.

तो घरी आल्यावर आठवड्याने मी वही घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याला वाचता येतं. त्याने दोन्ही रकाने वरपासून खालपर्यंत वाचले. मी म्हटलं, चूक माझी आहे. कारखान्यात याच चुकीवर मी लेखी सूचना काढली होती.

"वजा दोन," तो म्हणाला. त्याला आठवत होतं.

"तू तेव्हा कागद बघितला नव्हतास. रंग बघितला होतास."

तो थांबून थांबून बोलायचा, अजून तसाच बोलतो. म्हणाला, "माझंपण चुकलं साहेब. मला दम लागत होता. संडासला जाऊन आलो तरी लागायचा. पण तुम्ही सत्त्याण्णव म्हणायचा. मग मला वाटायचं, नसेल लागत."

मी वही मिटली.

कारखाना पुन्हा सुरू झाला तेव्हा लॅबमधल्या नोंदवहीत मी एक रकाना वाढवला. करेक्शन किती, हा जुना रकाना. नवा रकाना : ते कशामुळे, आणि ते कारण आज डोळ्यांनी बघितलं का. नवी मुलं कुरकुरतात, काट्यावर दिसतंय तर पुन्हा बघायचं कशाला म्हणतात. मी सांगतो, लिहा. करेक्शन लावणं सोपं असतं, हिशेबात बसतं, आणि सगळ्यांची सोयही होते. ते काढायची आठवण मात्र कुणालाच होत नाही, कारण ते लावल्यापासून सगळं ठीक दिसत असतं.

ऑक्सिमीटर अजून माझ्याकडे आहे. दर रविवारी सकाळी मी नरसय्याकडे जातो. तो दारातल्या खुर्चीत बसलेला असतो. आठवड्यात कुठला शेड लागला ते विचारतो, मी सांगतो. मग तो न सांगता हात पुढे करतो. मी आधी हात उलटा-सुलटा करून बघतो. हात पांढरे असतात. आता ते पांढरेच राहणार.

मागच्या रविवारी ९१ आलं. डॉक्टर म्हणतात, हा त्याचा खरा आकडा आहे, याच्या वर आकडा जाणार नाही. मी वहीत ९१ लिहिलं.